झाकणाखालची साय

रुपरावांनी इंजिनावरचं तेलाचं झाकण फिरवून काढलं, उलटं केलं आणि उजेडात धरलं.

प्रीती लेकीला, मैत्रीला, कडेवर घेऊन टीनाच्या शेडच्या तोंडाशी उभी होती. तिथूनही तिला दिसलं. झाकणाच्या आत पिवळट पांढरी साय धरली होती. रुपरावांनी ती बोटानं खरवडली, अंगठ्यावर चोळली, हुंगली. एस.टी.च्या वर्कशॉपात त्यांची उभी हयात गेली होती. बोटांना विचारल्याशिवाय ते तेलाबद्दल तोंड उघडत नसत.

"काय झालं गा?" कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसलेल्या गोपाळरावांनी, म्हणजे प्रीतीच्या सासऱ्यांनी, विचारलं.

"पाणी आहे, भाऊ. तेलात पाणी गेलं."

जीप एकोणीसशे बासष्टची. गोपाळरावांच्या वडिलांनी कामठीच्या छावणीत लष्कराच्या लिलावात घेतलेली. तिला वर्षातून एकच काम होतं. बुद्ध पौर्णिमेला वस्तीतल्या विहारातली मूर्ती तिच्यावर ठेवायची आणि संध्याकाळी पाच ते आठ, माणसाच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये मिरवणूक काढायची. वैशाखातलं नागपूर, पाच वाजताही डांबर चपलेला धरतं. त्या उन्हात तसल्या चालीनं म्हातारं इंजिन तीन तास सांभाळणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. बावीस वर्षं ते रुपराव करत आले होते. यंदाची पौर्णिमा पाच दिवसांवर आली होती.

रुपरावांनी रेडिएटर उघडला. पाणी काठोकाठ. त्यात बोट बुडवलं. तेलाचा तवंग नाही. "गॅस्केट बरोबर आहे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "रेडिएटरचं पाणी जाऊन नाही राहिलं. मंग एकच. इंजिन तापत नसल."

गोपाळराव हसले. "तापत कसं नाही? दर रविवारी अर्धा तास फिरते ते. दिवाळीत माझा खुबा मोडला, तवापासून प्रीतीच नेते. एक रविवार खाडा नाही. हो ना वं?"

"हो, बाबा."

"कुठवर न्यायच्या, सूनबाई?" रुपरावांनी विचारलं. त्यांच्या विचारण्यात संशय नव्हता. डॉक्टर विचारतो तसं ते विचारत होते.

"टेका नाक्यापर्यंत," प्रीती म्हणाली आणि तेवढ्यावर थांबली नाही. "कधी कधी ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत."

"मंग तं तापलंच पाहिजे," रुपराव म्हणाले आणि पुन्हा झाकणाकडे पाहू लागले.

तेवढ्यात विहार समितीचा अश्विन फाटक ढकलून आत आला. मिरवणुकीची सगळी धावपळ त्याच्याकडे होती. "जयभीम काका," म्हणत त्यानं झाकणात डोकावून पाहिलं आणि शीळ घातली. "अरे बाप रे! लस्सी झाली की याची. मागच्या साली तेल कुठलं टाकलं होतं, रुपरावकाका?"

"अमरावती रोडवरच्या वाडीचं. ड्रममधलं सुटं. सारे ट्रकवाले तेच नेतात."

"ड्रममधलं! झालं मंग. अर्धं तेल अन् अर्धं नळाचं."

गोपाळरावांचा चेहरा बदलला. ते रुपरावांकडे न पाहता सुनेकडे वळले. "तू केमिस्ट्रीवाली आहेस. सांग बरं, ड्रमच्या तेलात पाणी राहू शकते का?"

मैत्रीनं आईच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली होती. प्रीतीनं ती सोडवून घेतली. त्यात जेवढा वेळ गेला, तेवढा तिला मिळाला.

"राहू शकतं, बाबा."

शब्दशः ते खरंच होतं. जगातल्या कुठल्याही ड्रमात पाणी राहू शकतं.

रुपरावांनी कापडाला हात पुसले. एकेक बोट पुसलं. "माह्याच हातानं गेलं म्हणजे. मले वाटलं होतं..." त्यांनी कापड खांद्यावर टाकलं. "अश्विन, यंदा दुसरा डायवर पाह्य बापा."

गोपाळरावांनी त्यांना थांबवायला हवं होतं. ते म्हणाले, "नवं तेल प्रीती निवडेल. डब्बाबंद. शिकलेलं माणूस घरात असून आपण ड्रम धुंडत बसलो. तू फक्त उद्या सोबत जा तिच्या, अन् बदलून दे."

"देतो, भाऊ," रुपराव म्हणाले.

खरी गोष्ट अशी होती की ती जीप दिवाळीपासून रस्त्यावर गेलीच नव्हती. गेली होती ती एकदाच, पहिल्या रविवारी.

सासरे खुब्याच्या दुखण्यातून उठले, तेव्हा जीपची फेरी कोण मारणार हा प्रश्न निघाला. नवरा प्रशिक पुण्याला नोकरीत, दोन महिन्यांतून एकदा येणारा. प्रीतीच फटकन म्हणाली होती, "मी नेईन, बाबा. उमरेडला आमचा टेम्पो होता, तो मी चालवलाय." गोपाळरावांनी तिच्याकडे असं काही पाहिलं होतं की लग्नाला तीन वर्षं होऊन ती त्या दिवशी त्या घरात आली असं तिला वाटलं. दर रविवारी सकाळी सासूसासरे सामुदायिक वंदनेला विहारात जात. तीच वेळ ठरली. पण त्या वेळी घरात मैत्री आणि ती दोघीच, आणि मैत्री पाच महिन्यांची. पहिल्या रविवारी तिनं मैत्रीला ओढणीनं पोटाशी बांधलं आणि गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी एक ई-रिक्षा आडवी आली. ब्रेक जोरात दाबला आणि मैत्रीचं कपाळ स्टिअरिंगवर आदळलं. लिंबाएवढं टेंगूळ. तिथूनच ती परतली. "पाळण्याच्या दांडीला लागलं," तिनं सासूला सांगितलं. सासूनं हळद लावली आणि पाळण्याला शिव्या दिल्या.

पुढच्या रविवारपासून ती फक्त इंजिन चालू करी. जानेवारीत मैत्रीची छाती भरली, वाफारे द्यावे लागले. मग तर जीपचा धूर खिडकीकडे वळला की तिचा जीव वरखाली होई. तीन मिनिटं. घड्याळात पाहून तीन मिनिटं. मग शेडसमोरच्या धुळीत गाडी थोडी पुढं, थोडी मागं. चाकांचे ठसे उमटावेत म्हणून. ते ठसे तिला नंतर, भाजी निवडताना, मैत्रीला पाजताना आठवत आणि कानाच्या पाळ्या गरम होत.

आणि तिला ठाऊक होतं. हेच तर सर्वांत वाईट होतं. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाणी तयार होतं, हे तिनं बारावीपासून एम.एस्सी.पर्यंत दर वर्षी कुठल्या ना कुठल्या उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. इंजिन नीट तापलं तर ते पाणी वाफ होऊन जातं. नाही तापलं तर तेलात उतरतं. तीन तीन मिनिटांनी सहा महिने तिनं त्या इंजिनाला पाणीच पाजलं होतं. आणि गोपाळराव विहाराच्या ओट्यावर बसून सांगत, "आमची सून जीप चालवते. टेका नाक्यापर्यंत जाते."

त्या संध्याकाळी घरात दिवा लावून सगळे वंदनेला बसले. पंचशील म्हणताना पहिली तीन शिलं प्रीती नेहमीसारखी म्हणाली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, तेव्हा ती मैत्रीच्या झबल्याचं बटण लावू लागली. बटण आधीच लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामठी रोडवरच्या ऑइलच्या दुकानात रुपराव आधीच येऊन बाकावर बसले होते. त्यांची मान रोजच्यासारखी ताठ नव्हती. प्रीतीनं आदल्या दुपारी मैत्री झोपल्यावर मोबाइलवर वाचता येईल तेवढं वाचलं होतं. कोणी म्हणे पातळ सिंथेटिक घ्या, चालू होताच वरपर्यंत पोचतं. कोणी म्हणे चुकूनही घेऊ नका, जुनी सीलं गळतात, वर्षानुवर्षांची घाण सुटून नळ्या तुंबतात. सगळे एकमेकांवर तुटून पडलेले. आणि सगळे थंड देशांतले, बर्फ पडताना गॅरेजात बसून लिहिणारे. पंचेचाळीस डिग्रीत पायी चालणाऱ्या माणसांबरोबर मूर्ती नेण्याबद्दल कोणी काही लिहिलेलं नव्हतं. ते ज्याला माहीत होतं तो माणूस बाकावर बसला होता.

"मॅडम, ये देखो," दुकानदारानं चकचकीत डबा पुढं केला. "फुल सिंथेटिक. एकदम पाण्यासारखं पातळ. सगळ्या नव्या गाड्यांले हेच जाते."

"गाडी जुनी आहे," प्रीती म्हणाली. "बासष्टची."

"मग तर अजून चांगलं. म्हाताऱ्या माणसाले पातळ जेवणच देतो ना आपण?"

प्रीतीनं मागं पाहिलं. "काका, पातळ चालेल?"

"तुम्ही म्हणाल ते."

"तुम्ही इतकी वर्षं कोणतं टाकत होता?"

"इतक्या वर्षांचं सोडा, सूनबाई." रुपराव जमिनीकडे पाहत होते. "काल दुपारी वाडीले गेलो होतो. त्या ड्रमवाल्याची अन् माही पंधरा वर्षाची दोस्ती. त्याच्या पोरीच्या लग्नात मी मांडवात जेवण वाढलं. त्याले चार लोकांत म्हटलं, तू मले पाणी विकलं. त्याचे डोळे भरून आले. माह्या समोर त्यानं ड्रम आडवा केला, तळापर्यंत दाखवला."

"मग?"

"थेंब नव्हता पाण्याचा. म्हणजे मी नेला तो डब्बाच ओला असल. वय झालं. हात चुकला असल कुठी तरी." ते हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही. "तुम्ही घ्या जे घ्यायचं ते. माह्या तोंडून आता तेलाचं नाव नका काढू."

दुकानदार डबा थोपटत होता. "हेच देऊ ना, मॅडम? पाच लिटर?"

प्रीतीला सगळं स्पष्ट दिसलं. तिनं हो म्हटलं तर हा माणूस एक शब्द बोलणार नाही. पातळ तेल गुपचूप ओतेल. पौर्णिमेला उन्हात साठ वर्षांची सीलं ते गाळतील, मूर्ती रस्त्यात उभी राहील, आणि लोक पुन्हा रुपरावांकडेच पाहतील, कारण तेल त्यांनी ओतलं असेल. मैत्री काउंटरवरच्या डब्याला हात लावू पाहत होती. प्रीतीनं तिचा हात धरला.

"काका, जीप तापलीच नाही."

रुपरावांनी मान वर केली.

"दर रविवारी तीन मिनिटं चालू करत होते. तीनच. रस्त्यावर नेलीच नाही."

"अन् ते शेडसमोरचे चाकांचे निशाण?"

"मागंपुढं करत होते."

"टेका नाका?"

"नाही गेले."

"ऑटोमोटिव्ह चौक?"

"नाही, काका."

एकेक बोल्ट खोलावा तसं ते विचारत होते, आणि प्रत्येक बोल्ट खाली पडल्याचा तिला आवाज येत होता. दुकानदारानं मोबाइल काढून उगाचच त्यात पाहायला सुरुवात केली. रुपराव उठले. तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तिच्याजवळून पुढं गेले, काउंटरवरचा चकचकीत डबा त्यांनी एका हातानं बाजूला सारला.

"हे ठेव अंदर. बीस-पचास काढ, मिनरल. जाडं पाहिजे, उन्हात टिकणारं. अन् साधं सस्तं एक वेगळं दे, पाच लिटर. आधी त्यानं इंजिन धुवाचं आहे."

"पण काका, मॅडम तर..."

"मॅडमले नको इचारू. मले इचार."

दुकानाबाहेर आल्यावर डबे पायाशी ठेवून त्यांनी तिथल्या तिथं वाडीला फोन लावला. "माहीच चूक झाली गा," ते म्हणत होते. "नाही नाही, तुह्या तेलात काही नव्हतं. येतो मी, समोरासमोर म्हणतो. चार लोकांत म्हटलं होतं, चार लोकांतच म्हणतो." प्रीती दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ऐकत होती. तिची चूक एक म्हातारा माणूस दुसऱ्याला आपली म्हणून सांगत होता, आणि तिला मध्ये बोलता येत नव्हतं.

फोन ठेवून ते म्हणाले, "घरी तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. पण रुपरावच्या तेलात पाणी होतं असं आता मी ऐकूनही घेणार नाही."

घरी पोचल्यावर ते थेट शेडमध्ये गेले आणि जीपखाली घमेलं सरकवून आडवे झाले. प्रीती कडुलिंबाखाली गेली. सासूबाई, कांताबाई, तिथंच चिंच फोडत बसल्या होत्या. बसून सांगावं की उभ्यानं, एवढाही विचार तिनं केला, आणि मग उभ्यानंच सांगितलं. तीन मिनिटं सांगितली, ठसे सांगितले. गोपाळराव काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले.

"पण काहून?" कांताबाईंनी विचारलं. "तुले चालवता येते ना?"

मग टेंगूळही सांगावं लागलं. पाळण्याच्या दांडीला लागलेलं नव्हतं ते.

कांताबाईंच्या हातातला दगड चिंचेवर तसाच राहिला. "म्या त्या पाळण्याले शिव्या घातल्या वं," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "अन् लेकरू माह्याजवळ द्यायचं होतं ना! मी काय एक रविवार विहारात गेली नसती तं मरत होती? एका शब्दाचं काम होतं. एका शब्दाचं!"

खरंच एका शब्दाचं काम होतं. सहा महिन्यांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. पण "मला जमत नाही" असं म्हणावं लागलं असतं, आणि गोपाळरावांचं ते पाहणं गेलं असतं.

ते तर गेलंच. गोपाळराव तिच्याकडे पाहतच नव्हते. शेडच्या दिशेनं त्यांनी हाक मारली, "रुपराव! ऐकलं का गा? काल मी तुले..."

"भाऊ, आधी हा बोल्ट खोलू द्या मले," जीपखालून आवाज आला. मागोमाग घमेल्यात तेल पडू लागलं. दूध घातलेल्या कॉफीसारखं, गढूळ, जाड. 

मग गोपाळराव उठले. "चाल," ते सुनेला म्हणाले. "विहारात."

"मीच जाऊन सांगते, बाबा. तुम्ही उन्हाचं..."

"चाल म्हटलं ना."

पायी दहा मिनिटांची वाट त्यांनी काठी टेकत कापली. ती मैत्रीच्या डोक्यावर पदर धरून दोन पावलं मागं चालत होती. खुबा दुखला की ते थांबत, ती थांबे. आधार द्यायला हात पुढं करायची तिची हिंमत झाली नाही.

विहारात अश्विन शिडीवर चढून पंचरंगी झेंड्यांची दोरी बांधत होता. खाली सावलीत पाचसहा बाया मोगऱ्याचे हार ओवत बसल्या होत्या. मधोमध तुळसाबाई, वस्तीत जिच्या जिभेला सगळे भीत.

"अश्विन, खाली उतर बेटा," गोपाळराव म्हणाले. तो उतरला. "रुपरावच्या तेलात पाणी नव्हतं. जीप सहा महिने हललीच नाही, त्यानं झालं ते. दर रविवारी या ओट्यावर बसून मी तुम्हाले सांगत होतो, सून टेका नाक्यापर्यंत नेते म्हणून. ते खोटं होतं. मी खोटं बोललो. गाडी रुपरावच चालवेल."

अश्विन एकदम हसला आणि मग हसावं की नाही ते न कळून थांबला. "म्हणजे काका, वहिनी जीप... अन् आम्ही इकडे बायांच्या ड्रायव्हिंग क्लासचं म्हणून राहिलो होतो, वहिनीलेच शिकवायले सांगू!"

प्रीतीला वाटलं होतं, सासरे आपल्याला बोलायला लावायला घेऊन आलेत. त्यांनी तर बोलूनही टाकलं होतं, आणि तिचं खोटं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. आता फक्त गप्प राहायचं होतं. बाया तिच्याकडे पाहत होत्या, पण गोपाळरावांकडे जास्त.

"बाबा खोटं बोलले नाहीत," ती म्हणाली. आवाज हवा त्याहून मोठा निघाला, मैत्री दचकली. "मी सांगितलं तेच त्यांनी तुम्हाला सांगितलं. खोटं मी बोलले. सहा महिने. आणि ड्रमच्या तेलात पाणी असू शकतं, हेही मीच म्हटलं, रुपरावकाकांच्या तोंडावर. अश्विनभाऊ, तुम्ही होता तिथं."

"होतो," अश्विन म्हणाला.

कोणी "जाऊ दे" म्हटलं नाही. गोपाळराव झेंड्यांच्या दोरीकडे पाहत उभे होते.  मग तुळसाबाईंनी पायाजवळची टोपली सरकवून चटईवर जागा केली.

"बस वं. चाळीस हार व्हायचे आहेत. सुई तरी खरंच धरता येते, का तेही नुसतं सांगाचंच काम?"

दोघीतिघी खुदकन हसल्या. प्रीती बसली. मैत्रीला कोणीतरी तिच्या मांडीवरून उचलून घेतलं. तिनं सुईत दोरा घातला. पहिल्यांदा गेला नाही, दुसऱ्यांदाही नाही. सगळ्या पाहत असणार हे तिला न पाहता कळत होतं. तिसऱ्यांदा गेला. पहिल्या कळीतून सुई आरपार होऊन बोटात शिरली, पण तिनं बोट तोंडात घातलं नाही.

थोड्या वेळानं रस्त्यावरून जीप गेली. धुवायचं साधं तेल भरून रुपराव इंजिन तापवायला निघाले होते. टेका नाक्याकडे तोंड होतं. बाया माना उंचावून पाहू लागल्या, पुन्हा शिडीवर चढलेल्या अश्विननं हात केला, गोपाळराव काठी टेकत फाटकापर्यंत गेले.

प्रीती खाली मान घालून ओवत राहिली. जीपचा आवाज नाक्याच्या वळणाला जाऊन विरेपर्यंत तिनं वर पाहिलं नाही.